व्हीपीएनवर पान अडकतं, ते नेट स्लो म्हणून नव्हे

‘व्हीपीएन लावल्यावर साइट उघडत नाही? नेट स्लो आहे, मोठा प्लॅन घ्या’ हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. कृपया त्यावर पैसे घालवू नका. पिंग (जोडणी तपासणारा छोटा संदेश) जातो, मेसेज पोचतात, पण बँकेचं पान पांढरंच राहतं? मग आधी एमटीयू बघा, म्हणजे एका पॅकेटचा, डेटाच्या एका तुकड्याचा, कमाल आकार. इथरनेटवर तो १५०० बाइट. पीपीपीओई (लॉगिन-पासवर्डने जोडणारं) ब्रॉडबँड त्यातले ८ खातं, आयपीव्ही६वरून जाणारं वायरगार्ड (व्हीपीएनचा एक प्रकार) आणखी ८०. उरले १४१२, आणि वायरगार्डचा एमटीयूचा नेहमीचा आकडा असतो १४२०! छोटी पॅकेटं सुटतात, मोठी वाटेतच गळतात. फायरवॉलने आयसीएमपी, म्हणजे ‘पॅकेट फार मोठं आहे’ असं कळवणारे संदेश, अडवले असतील तर पाठवणाऱ्याला पत्ताही लागत नाही. वायरगार्डच्या कॉन्फिगमध्ये इंटरफेसखाली एमटीयू १२८० करा, टनेल (व्हीपीएनची जोडणी) बंद करून पुन्हा चालू करा. पान उघडलं, तर आकडा थोडा थोडा वाढवत न्या.