एका ओळीचे तीन नियम: क्लस्टरमध्ये कोण कुठे चालणार, हे कसं ठरत गेलं

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात दोन सर्व्हर आहेत. एक बंद पडला तर बिलिंगचा डेटाबेस दुसऱ्यावर आपोआप सुरू व्हावा, एवढ्यासाठीच घेतलेले. मागच्या उन्हाळ्यात दुसरा सर्व्हर गेला आणि पहिला, चांगला धडधाकट, दिवे लुकलुकवत नुसता उभा राहिला. बाहेर माल भरलेली गाडी आणि आत चलन निघेना. मालकांनी फोनवर एवढंच विचारलं, "काय ओ, ते दुसरं मशीन शोभेला ठेवलंय का?"

चूक माझीच होती. चार महिन्यांपूर्वी पहिल्या सर्व्हरचा पॉवर सप्लाय बदलायचा होता, म्हणून मी 'मूव्ह' आज्ञा देऊन डेटाबेस तिथून हलवला. कुठे न्यायचा ते आज्ञेत लिहिलं नाही. अशा वेळी पेसमेकर हा क्लस्टर (एकमेकांची कामं उचलणारे जोडलेले सर्व्हर) सांभाळणारा प्रोग्राम एक नियम नोंदवून ठेवतो: हा डेटाबेस या सर्व्हरवर चालवायचा नाही. काम झालं की तो नियम काढायचा असतो. तो तसाच राहिला.

हलवण्याच्या साध्या आज्ञेतून मनाईचा कायमचा नियम का तयार व्हावा? हे समजायला थोडं मागे जावं लागतं.

न थांबणारे संगणक ही जुनी कल्पना आहे. टँडेम कंपनीचं नॉनस्टॉप यंत्र १९७६ मध्ये आलं, डेक कंपनीने १९८३ मध्ये व्हॅक्सक्लस्टर आणलं. पण ती मोठ्या बँकांना परवडणारी चैन. साध्या पीसीवर हे शक्य झालं ते १९९०च्या दशकाच्या अखेरीस, ॲलन रॉबर्टसन यांनी लिनक्ससाठी हार्टबीट लिहायला घेतलं तेव्हा. दोन यंत्रं नेटवर्कवरून किंवा सीरिअल केबलवरून एकमेकांना 'मी आहे' असं कळवत राहायची. ठोका चुकला की दुसऱ्याने कामं उचलायची.

त्या हार्टबीटची 'एचए-रिसोर्सेस' ही फाइल मला आजही आवडते. एका ओळीत आधी सर्व्हरचं नाव, मग आयपी पत्ता, डिस्क, डेटाबेस. डावीकडून उजवीकडे सुरू करायचं, बंद करताना उलट. कुठे चालवायचं, कोणासोबत आणि कोणत्या क्रमाने, तिन्ही गोष्टी त्या एका ओळीत. लिहिणाऱ्याला त्या तीन आहेत हे कळतही नसे.

पण हे दोन यंत्रांपुरतंच. शिवाय यंत्र जिवंत आहे आणि डेटाबेस मात्र मेलाय, हे या हार्टबीटला समजत नसे. २००५ मध्ये हार्टबीटची दुसरी आवृत्ती आली. तिच्यातला नवा रिसोर्स मॅनेजर, म्हणजे कोणतं काम कुठे चालवायचं हे ठरवणारा भाग, अँड्र्यू बीकॉफ यांनी लिहिला होता, आणि पुढे २००८ च्या सुमारास तोच पेसमेकर या नावाने वेगळा झाला. (सोलापुरात हे नाव घेतलं की समोरचा आधी घरातल्या हृदयरोग्याची चौकशी करतो.) यंत्रं दोनाहून जास्त झाली तेव्हा एका ओळीत मावेना. मग तिची तीन प्रकारच्या नियमांत फोड झाली: लोकेशन म्हणजे कुठे, कोलोकेशन म्हणजे कोणासोबत आणि ऑर्डर म्हणजे कोणाच्या आधी.

घोळ इथेच सुरू होतो. जुन्या फाइलीची सवय असलेल्यांना वाटे, 'डिस्कनंतर डेटाबेस' असा क्रम लिहिला की दोन्ही एकाच यंत्रावर येणारच. तसं नाही. सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत सात नंदीध्वजांचा क्रम ठरलेला असतो, पण म्हणून सगळे एकाच वेळी एकाच चौकात उभे नसतात. क्रम वेगळा आणि जागा वेगळी. दोन्ही हवं असेल तर दोन्ही लिहायचं, नाहीतर ग्रुप करायचा. ग्रुप म्हणजे खरं तर तीच जुनी ओळ, मागच्या दाराने परत आलेली.

दुसरी नवी गोष्ट म्हणजे गुण. रेड हॅट या लिनक्स कंपनीच्या आरजीमॅनेजर या जुन्या क्लस्टर-प्रोग्राममध्ये यंत्रांना प्राधान्याचे क्रमांक देत आणि लहान आकडा वरचढ ठरे. पेसमेकरमध्ये प्रत्येक यंत्राच्या गुणांची बेरीज होते, आणि जिथे ती जास्त तिथे काम चालतं. पसंतीला अधिक, नापसंतीला उणे, आणि चालू जागा न सोडण्याच्या चिकटपणालाही गुण. सर्वांत वर 'इन्फिनिटी', म्हणजे या हिशोबात दहा लाख. अनंताला असा आकडा दिलेला पाहून मी पहिल्यांदा हसलो होतो.

पण बेरजेचा नियम गमतीचा नाही. अधिक अनंत आणि उणे अनंत एकत्र आले तर उत्तर शून्य येत नाही, उणे अनंतच येतं. पसंती कितीही असो, मनाई जिंकते. आमच्या पहिल्या सर्व्हरवर नेमकं हेच झालं. त्याला पसंतीचे शंभर गुण होते, वर माझ्या आज्ञेतून आलेलं उणे अनंत बसलं होतं. दुसरा सर्व्हर मेल्यावर पेसमेकरने हिशोब केला आणि डेटाबेस कुठेच सुरू केला नाही. त्याच्या लेखी तो बरोबरच होता.

'मूव्ह' आज्ञाही त्याच हिशोबातून आलेली आहे. पेसमेकरला 'आत्ता जरा तिकडे हलव' असं सांगायची सोयच नव्हती, त्याला फक्त नियम कळतात. तुम्ही हलवायला सांगता, तो गुण बदलतो, आणि नव्या बेरजेप्रमाणे कामं आपोआप हलतात. २०१४ मध्ये रेड हॅटने आपल्या लिनक्सच्या सातव्या आवृत्तीपासून पेसमेकरच धरला, तसा हा सापळाही जिथे-तिथे पोचला. तक्रारी इतक्या झाल्या असाव्यात, की पीसीएस या हाताळणीच्या साधनात ०.११ आवृत्तीपासून काम हललं की तो तात्पुरता नियम आपोआप पुसला जातो.

कारखान्यात अजून जुनीच आवृत्ती आहे. काही हलवलं की नियमांची यादी काढून 'सीएलआय-बॅन'ने सुरू होणारी, म्हणजे अशा मनाईची, ओळ आहे का, ते बघायचं, असा कागद मी रॅकच्या दारावर चिकटवलाय. तो मालकांनी लॅमिनेट करून घेतला.