नेत्रसहाय्यक प्रशिक्षण (सातारा व सांगली जिल्हे)

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाण्याआधी रुग्णाची नजर तपासणारा, चष्म्याचा नंबर काढणारा आणि शस्त्रक्रियेची पूर्वतयारी करून देणारा प्रशिक्षित कर्मचारी म्हणजे नेत्रसहाय्यक. राज्याच्या ग्रामीण व उपजिल्हा रुग्णालयांत हे पद ‘नेत्र चिकित्सा अधिकारी’ या नावाने आहे. खासगी दवाखान्यांत त्याला टेक्निशियन किंवा असिस्टंट म्हणतात, आणि रुग्णांच्या तोंडी ते ‘नंबर काढणारे सर’ किंवा ‘मॅडम’ असतात. शस्त्रक्रिया डॉक्टरच करतात. पण ती झाल्यावर माणसाला किती स्वच्छ दिसेल, हे बऱ्याच अंशी सहाय्यकाने घेतलेल्या मोजमापावर ठरते.

भारतात राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम १९७६ साली सुरू झाला. २०१५–१९ च्या राष्ट्रीय पाहणीत पन्नाशी गाठलेल्यांमधील अंधत्वापैकी ६६.२ टक्के अंधत्व मोतीबिंदूमुळे असल्याचे आढळले. म्हणजे या अंधांपैकी दोनतृतीयांश माणसे बऱ्या होण्याजोग्या आजाराने आंधळी आहेत. त्यांना गावात जाऊन शोधणे, तपासणे आणि शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत आणणे हे मुख्यतः सहाय्यकाचे काम आहे.

बारावी विज्ञाननंतर दोन वर्षांची नेत्रसहाय्यक पदविका हा रुळलेला मार्ग. ऑप्टोमेट्रीची, म्हणजे नजर तपासणी व चष्म्याच्या शास्त्राची पदवी चार वर्षांची असते आणि त्यातले शेवटचे वर्ष प्रत्यक्ष रुग्णालयात जाते. याशिवाय व्हिजन टेक्निशियनचे कमी मुदतीचे अभ्यासक्रमही आहेत. २०२१ च्या केंद्रीय कायद्याने संलग्न आरोग्य व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोग नेमला आणि त्याच्या अनुसूचीत नेत्रविज्ञानाचा स्वतंत्र गट ठेवला. तेव्हा फी भरण्याआधी संस्थेची मान्यता आणि तिला जोडलेले रुग्णालय, दोन्ही प्रत्यक्ष जाऊन पाहावीत. ज्या संस्थेत रुग्ण नाहीत तिथे हे शिक्षण होऊच शकत नाही.

रुग्णांची वाण मात्र या भागात नाही. मिरजेत विल्यम वानलेस यांनी १८९४ साली रुग्णालय उभे केले, तेव्हापासून हे गाव दवाखान्यांचे म्हणून ओळखले जाते. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही तिथे १९६२ पासून आहे. कराड आणि सातारा ही साताऱ्याकडची मोठी ठिकाणे. मिरजेच्या बाह्यरुग्ण विभागात जतकडचे आणि सीमेपलीकडचे कानडी बोलणारे रुग्ण रोज येतात. त्यामुळे शिकणाऱ्याला ‘वर बघा, खाली बघा’बरोबर ‘मेले नोडी, केळगे नोडी’ही लवकरच पाठ होते.

पहिला धडा नजर मोजण्याचा. डच नेत्रतज्ज्ञ हर्मन स्नेलन यांनी १८६२ मध्ये केलेल्या तक्त्याचे देवनागरी रूप सहा मीटरवर टांगतात. अक्षरओळख नसलेल्यांसाठी वेगवेगळ्या दिशांना तोंड केलेला ‘ई’ असतो आणि त्याच्या पायांची दिशा रुग्णाने बोटांनी दाखवायची असते. एक डोळा झाकला की म्हातारी माणसे नकळत बोटांच्या फटीतून बघतात, मुले मागच्या मुलाने म्हटलेली ओळ पाठ म्हणतात. हे ओळखायला नजर सरावावी लागते. वरचे अक्षरही दिसत नसेल तर बोटे मोजायला सांगायची, तेही जमले नाही तर हाताची हालचाल आणि शेवटी बॅटरीचा उजेड कुठून येतो ते विचारायचे. उजेडही कळत नसेल तर मोतीबिंदू काढूनही उपयोग होणार नाही, ही गोष्ट डॉक्टरांच्या आधी सहाय्यकाला समजते.

नंबर काढण्यासाठी आता बहुतेक ठिकाणी संगणकी यंत्र आहे. तरीही रेटिनोस्कोपी हाताने आलीच पाहिजे. अंधाऱ्या खोलीत बाहुलीवर उजेडाची पट्टी फिरवायची. आतली चमक पट्टीबरोबर सरकली तर अधिकचे भिंग, उलट सरकली तर उण्याचे. चमक सरकायची थांबेपर्यंत भिंगे बदलत राहायचे आणि शेवटी रुग्णापासूनच्या आपल्या अंतराचा हिशेब वजा करायचा. लहान मूल यंत्राच्या हनुवटीपट्टीवर टेकून बसत नाही आणि शिबिरात वीज जाते. तेव्हा हाच हात कामाला येतो.

सर्वांत जोखमीचे मोजमाप मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेआधी घ्यायचे असते. कृत्रिम भिंगाचा नंबर ठरवण्यासाठी बुबुळाची वक्रता आणि डोळ्याची लांबी लागते. मोठ्या माणसाचा डोळा साधारण २३ ते २४ मिलिमीटर लांब असतो. ए-स्कॅन या ध्वनिलहरींनी लांबी मोजणाऱ्या यंत्राची पेन्सिलीसारखी कांडी बुबुळाला नुसती टेकायला हवी. जोर पडला की बुबुळ दबते आणि लांबी कमी भरते. एका मिलिमीटरच्या चुकीने भिंगाचा नंबर अडीच-तीन डायॉप्टरने (भिंगाची ताकद मोजण्याचे एकक) हुकतो. समजा ०.४ मिलिमीटर कमी मोजले गेले, तर बसवलेले भिंग सुमारे एका डायॉप्टरने जास्त ताकदीचे निघते. मग त्या आजींना ऑपरेशननंतर तांदळातला खडा दिसतो, पण समोरून येणाऱ्या एसटीची पाटी वाचता येत नाही. म्हणून लांबी पुन्हापुन्हा घेऊन आकडे जुळेपर्यंत थांबायचे, मागे कितीही रांग असो. चांगले शिक्षक या बाबतीत घाई अजिबात खपवून घेत नाहीत.

बाहुली मोठी करण्याचे थेंब टाकण्यापूर्वीही असाच संयम लागतो. कानशिलाच्या बाजूने बॅटरी धरायची. नाकाकडचा अर्धा भाग सावलीत गेला तर डोळ्याचा पुढचा कप्पा उथळ आहे, आणि अशा डोळ्यात थेंब पडले तर काचबिंदूचा झटका येऊ शकतो. तिथे हात आवरून डॉक्टरांना विचारायचे. अश्रुनलिका मोकळी आहे का हे बोथट सुईने सलाइन सोडून पाहतात. ‘घशात खारट लागलं का?’ असे विचारल्यावर रुग्णाने मान हलवली की वाट मोकळी. उलट पू बाहेर आला, तर शस्त्रक्रिया पुढे ढकलावी लागते. ज्या डोळ्याचे ऑपरेशन त्याच्या भुवईवर चिकटपट्टी लावणे हे दिसायला किरकोळ काम, पण ते कधीच दुसऱ्यावर सोडू नये.

या भागाचा म्हणून एक खास धडा आहे, तो उसाचा. गळीत हंगाम सुरू झाला की फडात काम करणाऱ्यांच्या डोळ्याला पात्याची धार लागते. जखम बारीक असते, पण पाल्याबरोबर बुरशी आत जाते. काहीजण मध घालतात, काहीजण मेडिकलमधून कुठलातरी ड्रॉप आणतात, आणि तो स्टेरॉइडचा असला तर बुरशी फोफावते. सहाय्यकाने फ्लुरेसिन या रंगाची पट्टी लावून निळ्या उजेडात जखम हिरवी चमकते का पाहायचे आणि बुबुळावर पांढरा ठिपका दिसला की त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात पाठवायचे. तोडणीवाल्याची त्या दिवसाची मजुरी बुडते, म्हणून तो ‘उद्या बघू’ म्हणतो. त्याला समजावून पाठवणे हे या कामातले खरे कौशल्य आहे आणि ते फडाच्या बांधावर उभे राहूनच येते. तंबाखूच्या चुन्याची पुडी मुलाच्या डोळ्यात फुटली, तर मात्र पाठवण्याआधी तिथल्या तिथे भरपूर पाण्याने डोळा धुवायचा आणि पापण्यांखालचे कण काढायचे.

उशीर झालेल्या जखमेतून डोळ्यात फूल पडते आणि मग नेत्ररोपणाशिवाय इलाज राहत नाही. मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्यात २०११ साली झालेल्या दुरुस्तीने प्रशिक्षित तंत्रज्ञांनाही मृत व्यक्तीचे बुबुळ काढण्याची मुभा दिली. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत हे व्हावे लागते. फोनवरून घरच्यांना पंखा बंद करायला, डोक्याखाली उशी द्यायला आणि मिटल्या पापण्यांवर ओला कापूस ठेवायला सांगायचे असते. काम झाल्यावर पापण्या नीट मिटवून, चेहरा पुसून, मगच घरच्यांना आत बोलवायचे, हेही प्रशिक्षणात शिकवले जाते.