सिंथ-मेळावा

सिंथ-मेळावा : एखाद्या परिसरातील सिंथेसायझरवेड्या लोकांनी आपापली वाद्ये एका ठिकाणी आणून मांडायची, एकमेकांना हाताळू द्यायची आणि जमल्यास एकत्र वाजवायची, असा अनौपचारिक उपक्रम. बोलीत ‘सिंथ मीट’ हा शब्द रुळला आहे. इथे ठरलेला वादक नसतो, म्हणून ही मैफल नव्हे. माल विकायला कोणी बसलेले नसते, म्हणून प्रदर्शनही नव्हे. एखादे सभागृह, शाळेचा वर्ग, ग्रंथालयाची खोली किंवा कोणाच्या घरचा दिवाणखानाही पुरतो. टेबले आणि विजेची पुरेशी जोडणी मात्र हवी.

सिंथेसायझर विद्युत्‌लहरींपासून ध्वनी घडवतो. ऑसिलेटर मूळ स्वर देतो, फिल्टर त्यातील कंप्रता गाळतो आणि एन्व्हलप त्या ध्वनीची चढउतार ठरवतो. हे वाचून समजते, पण एखाद्या वाद्याचा फिल्टर नॉब फिरवताना कसा वागतो ते ध्वनिमुद्रण ऐकून कळत नाही. ध्वनिमुद्रणात कुणा दुसऱ्याचा हात ऐकू येतो. स्वतःचा हात त्या नॉबवर ठेवायला मिळणे हे मेळाव्याचे खरे आकर्षण आहे, आणि बाकी सगळे त्याच्या अनुषंगाने येते.

हे वाद्य मुळात सामायिकच होते. १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात न्यूयॉर्कमधील कोलंबिया-प्रिन्स्टन केंद्रात आलेला आरसीए मार्क २ हा सिंथेसायझर अख्खी खोली व्यापत असे. तो कोणा एकाच्या मालकीचा असणे शक्यच नव्हते. सॅन फ्रान्सिस्को टेप म्युझिक सेंटरमध्ये मॉर्टन सबॉटनिक व रामोन सेंडर या संगीतकारांच्या गरजेतून डॉन बुक्ला यांचे वाद्य उभे राहिले. त्याच सुमारास, १९६४ मध्ये, रॉबर्ट मूग यांनी आपले मॉड्यूल, म्हणजे केबलींनी एकमेकांना जोडायचे वाद्याचे सुटे घटक, लोकांसमोर आणले आणि १९६५च्या उन्हाळ्यात ट्रुमन्सबर्ग येथील आपल्या कार्यशाळेत संगीतकारांना बोलावून ते वापरायला दिले. आजच्या मेळाव्याचा पूर्वज शोधायचाच असेल तर तो इथे सापडतो. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ द आर्ट्स येथे सर्ज चेरेपनिन यांच्याभोवती जमलेल्या मंडळींनी तर सोल्डरिंग आयर्न हातात घेऊन आपापली मॉड्यूल स्वतःच जोडली.

पुढे वाद्य लहान झाले. १९७० मध्ये मिनीमूग आला, १९७८ मध्ये घडवलेले ध्वनी स्मृतीत साठवणारा प्रॉफेट-५ आला, १९८३ मध्ये डिजिटल डीएक्स७ आला. वाद्य खोलीतून टेबलावर आले आणि वाजवणारा मात्र खोलीत एकटा पडला. गिटारवाल्याला साथीदार लागतात. सिंथवाला ढोल, खर्ज आणि सूर तिन्ही स्वतःच वाजवू शकतो. ही सोय दुधारी आहे. १९९०च्या दशकाच्या मध्यात जर्मनीतील डीटर डोएप्फर यांनी ए-१०० ही मालिका काढली. तिच्यातून १२८.५ मिलिमीटर उंचीच्या पट्ट्यांची ‘युरोरॅक’ पद्धत रूढ झाली आणि अनेक लहान उत्पादक एकाच मापाची मॉड्यूल बनवू लागले. निवड इतकी वाढली की सगळे विकत घेऊन पाहणे कोणालाच परवडेना. दुसऱ्याकडचे पाहून ठरवण्याची गरज पुन्हा निर्माण झाली.

मांडणीचा पहिला प्रश्न विजेचा. प्रत्येकाकडे तीन-चार अडॅप्टर असतात आणि खोलीत सॉकेट चारच. एकाला एक एक्स्टेंशन बोर्ड जोडत गेले की दोन गोष्टी होतात : बोर्डावर भार वाढतो, आणि स्पीकरमधून अखंड घुंऽऽ सुरू होते. ही घुमघुम ‘ग्राउंड लूप’मुळे होते. दोन उपकरणांचे अर्थिंग विजेच्या तारेतूनही जोडलेले असते आणि ध्वनीच्या केबलमधूनही. त्यातून बंद वलय तयार होऊन विजेची ५० किंवा ६० हर्ट्झची कंप्रता आवाजात उतरते. उपाय म्हणजे एकमेकांशी जोडलेल्या वाद्यांना शक्यतो एकाच बिंदूवरून वीज द्यायची, किंवा ध्वनीच्या मार्गात विलगक ट्रान्सफॉर्मर घालायचा. प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकली की घुमघुम कधीकधी थांबते, पण हा उपाय जिवावर बेतू शकतो. जाणते आयोजक तसे प्लग खोलीत येऊच देत नाहीत. गंमत अशी की मिडी, म्हणजे वाद्ये एकमेकांशी जोडण्याचे डिजिटल मानक, त्याच्या केबलमध्ये हा त्रास होत नाही, कारण तिच्या ग्रहणाच्या टोकाला संकेत प्रकाशाच्या साहाय्याने पलीकडे पोचवतात आणि दोन्ही बाजूंचे विद्युत्‌मंडल अलग राहते. यूएसबीत अशी सोय सहसा नसते.

दुसरा प्रश्न आवाजाचा. दहा टेबले एकाच वेळी वाजू लागली तर कोणालाच काही ऐकू येत नाही. म्हणून प्रत्येक टेबलावर हेडफोन आणि त्याला दोन-तीन तोंडे देणारा विभाजक ठेवतात, आणि मोठे स्पीकर ठरावीक वेळेपुरतेच सुरू करतात. बाहेरून आलेल्याला मग मोठे चमत्कारिक दृश्य दिसते : माणसांनी भरलेली खोली, माना डोलताहेत, आणि खोलीत नॉब व कळांच्या टकटकीखेरीज आवाज नाही.

वाद्ये एकमेकांना जोडण्याचा प्रश्न सर्वांत रंजक. जानेवारी १९८३ मध्ये अमेरिकेतील नॅम या वाद्यांच्या व्यापार-मेळ्यात सिक्वेन्शियलचा प्रॉफेट-६०० आणि रोलँडचा ज्युपिटर-६, म्हणजे दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांची वाद्ये, एका पाच पिनांच्या केबलने जोडून दाखवली गेली. मिडी या मानकाचे ते जाहीर पदार्पण. एका केबलीत १६ चॅनेल आणि सेकंदाला ३१,२५० बिट एवढाच त्याचा वेग. तरी ते आजही चालते. पण लय जुळवण्याच्या पद्धती आजही एकमेकींशी भांडतात. मिडी घड्याळ एका मात्रेला २४ ठोके देते, तर कॉर्ग व्होल्कासारखी छोटी वाद्ये मात्रेला दोनच ठोक्यांची अपेक्षा धरतात. रूपांतर न करता २४ ठोके त्यांच्या तोंडी दिले तर ती बारापट वेगाने पळू लागतात, आणि ज्याचे वाद्य आहे तो सोडून सगळे हसतात.

स्वरांचेही तसेच. मूगच्या वळणाच्या वाद्यांत स्वर ठरवणारा विजेचा दाब सप्तकामागे १ व्होल्टने वाढतो, बुक्लाच्या वाद्यांत १.२ व्होल्टने. बुक्लाचा कीबोर्ड मूगच्या वळणाच्या ऑसिलेटरला थेट लावला तर एक सप्तक वर जायचे तिथे तो १.२ सप्तके चढतो, म्हणजे बाराऐवजी १४.४ अर्धस्वर. एकूण सूर कुठल्याच सुराशी जुळत नाही. काहींना तेच आवडते. मानके कागदावर ठरतात, पण ती कुठे फसतात हे अशा टेबलांवर कळते. म्हणूनच एका घड्याळाला ‘मुख्य’ ठरवून बाकीच्यांनी त्यामागे चालायचे, हा निर्णय वाजवण्याआधी घ्यावा लागतो.

शिष्टाचार लिहिलेले नसतात, तरी पक्के असतात. विचारल्याशिवाय नॉबला हात लावायचा नाही. यामागे कारण आहे : मिनीमूगला स्मृती नाही, आणि मॉड्यूलर वाद्यात केबलींची जोडणी हीच त्याची रचना. एक केबल उपटली की कोणाचे दोन तासांचे काम गेले. म्हणून अनुभवी लोक दुसऱ्याला जागा देण्याआधी आपल्या पॅचचा, म्हणजे केबली आणि नॉबच्या मांडणीचा, फोटो काढून ठेवतात. उलट बाजूने मालकानेही मन मोठे ठेवायचे असते. वाद्य मांडून ठेवायचे आणि कोणी जवळ आला की दचकायचे, असा माणूस पुढच्या वेळी बहुधा येत नाही. जुने अॅनालॉग ऑसिलेटर तापेपर्यंत सुरात स्थिर होत नाहीत, तेव्हा ते लोक येण्याच्या अर्धा तास आधी सुरू करून ठेवणे हीही सभ्यताच.

शेवटी होणारे सामूहिक वादन हा मेळाव्याचा सर्वांत बेभरवशाचा भाग. वेग आणि पट्टी ठरवून घेतली तरी प्रत्येकाला खर्जच वाजवायचा असतो, आणि खालच्या कंप्रतांचा चिखल होतो. चांगले वादन बहुतेकदा दोन-तीन जणांचेच असते. बाकीचे तेव्हा सोल्डरिंग करत असतात किंवा गप्पा मारत असतात. संगीत म्हणून या वादनाची किंमत करणे मला चुकीचे वाटते.

दुरुस्ती आणि बांधणी हा मात्र भक्कम भाग आहे. सुटे भाग जुळवून वाद्य बनवण्याचे संच १९७०च्या दशकापासून मिळतात. फ्रान्सच्या एमिली जिले यांनी आपल्या म्युटेबल इन्स्ट्रुमेंट्स या कंपनीच्या अनेक मॉड्यूलचे आराखडे खुले केल्यावर ती घरी बांधणाऱ्यांची संख्या वाढली. मेळाव्यात कोणाचा नॉबमागचा खरखरणारा पोटेन्शिओमीटर साफ होतो, कोणाच्या वाद्यातील स्मृती जपणारी बॅटरी बदलली जाते. युरोरॅकची वीज देणारी सपाट वायर उलटी लावल्यास मॉड्यूल जळू शकते, हा धडा बहुतेकांनी कोणाच्या तरी नुकसानीतून घेतलेला असतो.

मोठ्या प्रमाणावरचे रूप म्हणजे शिकागोजवळचे नॉबकॉन (२०१२ पासून) आणि बर्लिनमधले सुपरबूथ (२०१६ पासून). तिथे उत्पादक येतात, तिकीट असते आणि नवे वाद्य पाहण्यासाठी रांग लागते. छोट्या मेळाव्यावरही खरेदीची हाव वाढवल्याचा आरोप होतो आणि तो खोटा नाही. पण दुसऱ्याचे वाद्य तासभर वाजवून ‘हे आपल्याला नको’ असे ठरवणारेही तिथेच भेटतात. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : नवख्याला, विशेषतः स्त्रियांना, ‘तुला कळेल का’ अशा सुरात समजावणारे तज्ज्ञ. जिथे एक टेबल फक्त नवशिक्यांसाठी आणि सोप्या वाद्यांचे ठेवतात, तिथे हा त्रास कमी होतो.

आवराआवरीत सर्वाधिक घोळ केबलींचा आणि अडॅप्टरांचा. केबलींना ओळखीची रंगीत चिकटपट्टी लावलेली असते. अडॅप्टरांचे तेवढ्याने भागत नाही. दोन अडॅप्टर ९ व्होल्टचेच, तोंडही सारखेच, पण एकात मधली पिन धन आणि दुसऱ्यात ऋण असू शकते. गिटारच्या पेडलांचे अडॅप्टर बहुधा ऋण-मध्य असतात, काही छोटे सिंथ धन-मध्य. म्हणून चिकटपट्टीवर मालकाच्या नावाबरोबर वाद्याचे नावही लिहून ठेवतात.