बीटी कापसाचं पेटंट आणि सरकीतलं कुलूप

कापसाचं बियाणं दरवर्षी विकत का घ्यावं लागतं, हा विषय निघाला की बोट पेटंटकडे जातं. कंपनीनं जनुकाचं पेटंट घेतलं आणि घरची सरकी पेरायची सोय संपली, अशी सर्वसाधारण समजूत आहे. घटनाक्रम लावून पाहिला तर ती टिकत नाही. बीटी म्हणजे बोंडअळीला मारणारं विष झाडातच तयार करणारं जनुक. त्यातलं पहिलं भारतात विकलं गेलं तेव्हा त्यावर इथे पेटंट नव्हतंच.

घरच्या बियाण्याची साखळी त्याआधीच तुटायला लागली होती. सरळ, म्हणजे संकर न केलेले वाण होते तेव्हा जिनातून सरकी परत आणायची, तिची लव बसावी म्हणून शेण-मातीत घोळायची आणि पेरायची. 1970 मध्ये सुरतच्या संशोधन केंद्रातून एच-4 हा जगातला पहिला व्यापारी संकरित कापूस आला. संकरित झाडाची सरकी पेरली तर उगवते, पण पुढची पिढी फुटते: एक झाड उंच, एक खुजं, बोंडं लहान-मोठी, धाग्याची लांबी वेगवेगळी. गावात याला आजही काही जण 'टर्मिनेटर' म्हणतात. उगवणच मारणारं ते तंत्र 1998 मध्ये अमेरिकेत पेटंट झालं खरं, पण तसं बियाणं बाजारात कधी आलं नाही. आपल्याकडचं कुलूप साध्या संकराचं आहे.

बीटी या संकरित बियाण्यात बसवलं गेलं. जालन्याच्या महिको या बियाणे कंपनीनं क्राय1एसी हे बीटी जनुक असलेलं कोकर-312 हे अमेरिकी वाण आणून आपल्या वाणांशी त्याचा संकर केला. 1998 मध्ये अमेरिकेच्या मोन्सँटोसोबत महिको-मोन्सँटो बायोटेक ही भागीदारीतली कंपनी झाली. 26 मार्च 2002 रोजी केंद्राच्या जनुकीय अभियांत्रिकी मान्यता समितीनं मेक-12, मेक-162 आणि मेक-184 या तीन संकरित वाणांना परवानगी दिली. त्याच्या आदल्याच वर्षी गुजरातेत नवभारत-151 या वाणात तेच जनुक विनापरवाना सापडलं होतं.

सुरुवातीला 450 ग्रॅमची बॅग 1,600 रुपयांच्या आसपास होती आणि त्यातले सुमारे 1,250 रुपये जनुकाचं शुल्क म्हणून जात. पेटंट नसताना हे पैसे कशाच्या जोरावर घेतले गेले? कराराच्या. जनुक असलेलं दाता बियाणं आणि जैवसुरक्षा चाचण्यांवर मिळालेली सरकारी मान्यता एकाच कंपनीच्या हाती होती. बाकीच्या बियाणे कंपन्या उपपरवाना घेत, दाता बियाण्याचा आपल्या वाणाशी संकर करत, मग पुन्हा पुन्हा त्याच वाणाशी संकर करून जनुक त्यात पक्कं बसवत आणि प्रत्येक बॅगमागे शुल्क भरत. ते शेवटी वसूल होई शेतकऱ्याकडून. 2006 मध्ये आंध्र प्रदेश सरकार मक्तेदारी आयोगाकडे गेलं, तेव्हा तिथे बॅग 750 रुपयांवर आली. महाराष्ट्रानं 2009 मध्ये कापूस बियाण्याच्या दरासाठी स्वतंत्र कायदा केला.

पेटंटचा प्रश्न खऱ्या अर्थानं बीजी-2 पासून येतो. क्राय2एबी हे दुसरं जनुक जोडलेलं हे तंत्र 2006 मध्ये बाजारात आलं आणि 2008 मध्ये मोन्सँटोला भारतात पेटंट क्रमांक 214436 मिळालं. शुल्कावरून नुजिवीडू सीड्स या उपपरवाना घेतलेल्या बियाणे कंपनीशी वाद झाला आणि 2015 मध्ये करार तुटला. नुजिवीडूचा आधार होता पेटंट कायद्यातलं कलम 3(जे): वनस्पती, बियाणं आणि मूलतः जैविक असलेली पैदास प्रक्रिया यांवर पेटंट मिळत नाही. एप्रिल 2018 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठानं पेटंट रद्द ठरवलं. 8 जानेवारी 2019 रोजी सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल बाजूला सारून पुरावा नोंदवण्यासाठी खटला परत पाठवला. त्याच नोव्हेंबरात पेटंटची मुदत संपली आणि 2021 मध्ये दोन्ही बाजूंनी तडजोड केली. झाडात बसलेल्या जनुकावर पेटंटधारकाचा हक्क कुठवर पोचतो, याचं अंतिम उत्तर त्या खटल्यातून मिळालंच नाही.

दरम्यान केंद्रानं 2016 पासून दर ठरवायला सुरुवात केली. जनुकाचं शुल्क सुमारे 163 रुपयांवरून 49 वर आलं, पण महाराष्ट्रातली बॅग 830 वरून 800 झाली, म्हणजे फक्त 30 रुपयांनी उतरली. 2020 मध्ये शुल्क शून्यावर आलं तरी बॅग 730 लाच राहिली, आणि 2025 च्या खरिपात बीजी-2 ची कमाल किंमत 901 रुपये होती. पेटंट गेलं, शुल्क गेलं, खर्च मात्र उरला. हे नीट पाहण्यासारखं आहे.

अमेरिकेत पेटंटचा फटका थेट शेतकऱ्याला बसतो. सोयाबीन स्वपरागी असल्यानं घरचं बियाणं मूळ वाणासारखंच निघतं, म्हणून तिथे कंपनीला कायद्याचं कुलूप लागतं. इंडियानातल्या बोमन या शेतकऱ्यानं धान्याच्या गोदामातून सोयाबीन आणून पेरलं, त्यावर तणनाशक फवारलं, तणनाशक सोसणाऱ्या पेटंटच्या जनुकामुळे तगलेल्या झाडांचं बी पुढच्या हंगामासाठी ठेवलं. 2013 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं एकमतानं त्याच्या विरोधात निकाल दिला आणि 84,456 डॉलरची भरपाई कायम झाली. आपल्याकडे वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा, 2001 आहे. त्याच्या कलम 39 नुसार संरक्षित वाणाचंही बियाणं शेतकरी राखू, पेरू, अदलाबदल करू आणि विकू शकतो. अट एकच, कंपनीचं नाव लावून विकायचं नाही. हा हक्क मोलाचा आहे, पण संकरित कापसात तो कागदावरच राहतो.

संकराचा तोटा किडीच्या बाजूनंही झाला. बीजी-2 च्या संकरित झाडाला दोन्ही जनुकं एकाच पालकाकडून आली असतील, तर त्याच्या बोंडातल्या सरकीत ती विभागली जातात: 16 पैकी 9 बियांत दोन्ही, 6 बियांत एकेकच आणि एकीत एकही नाही. गुलाबी बोंडअळी सरकीच खाते. काही बी विषारी, काही अर्धवट, काही साधी, असा ताटातला फरक तिला प्रतिकारक्षम व्हायला मदत करतो. त्यात प्रतिकारक्षमता लांबावी म्हणून बॅगेसोबत दिलेलं बिगरबीटी बियाण्याचं 120 ग्रॅमचं पाकीट बांधावर न लावता फेकलं गेलं, फरदड, म्हणजे हंगामानंतरही राखलेलं पीक, फेब्रुवारी-मार्चपर्यंत उभी राहिली, आणि 2017 मध्ये विदर्भ-मराठवाड्यात बोंडं किडली.

सरळ वाणात बीटी आणायचे सरकारी प्रयत्न झाले. बिकानेरी नरमा बीटी 2009 मध्ये शेतकऱ्यांपर्यंत गेलं, पण त्यात मोन्सँटोचंच जनुक सापडलं आणि विक्री थांबली. पुढे नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेनं क्राय1एसी असलेले रजत बीटी, सूरज बीटी असे सरळ वाण दिले. त्या जनुकावर इथे पेटंट नसल्यामुळेच ते शक्य झालं. गुलाबी बोंडअळी क्राय1एसीला आता दाद देत नाही, तेव्हा या वाणांतही कामगंध सापळे (मादीच्या गंधानं नर पतंग ओढणारे) लावून तिच्यावर नजर ठेवावी लागते. घरचं बियाणं धरायचं तर शेजारच्या कापसापासून निदान 30 मीटर अंतर ठेवावं, नाहीतर मधमाश्या परका पराग आणतात. वाणाशी न जुळणारी झाडं फुलोऱ्याआधी उपटावीत, मधल्या ओळींतली निरोगी बोंडं कोरड्या दिवशी वेचावीत आणि रेचणी, म्हणजे रुई-सरकी वेगळी करण्याचं काम, वेगळी करून घ्यावी. जिनात दुसऱ्याचा कापूस मिसळला की सरकी ओळखू येत नाही.