जिराफांची मोजदाद आणि एका नावाचा घोळ

ऑगस्ट २०२५मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या तज्ज्ञ गटाने जाहीर केलं, की जिराफ एक नाही, चार आहेत: उत्तरेकडचा, जाळीदार, मसाई आणि दक्षिणेकडचा. वरवर पाहता हा संग्रहालयातल्या अभ्यासकांचा, लॅटिन नावांचा विषय. पण रानातले जिराफ किती धोक्यात आहेत, याचा हिशेब अनेक वर्षं नेमका याच प्रश्नावर अडलेला होता.

सजीवांच्या शास्त्रीय नावांची पद्धत रुजवणाऱ्या लिनियसने १७५८मध्ये जिराफाला हरणांच्या पंगतीत बसवलं होतं. पुढे त्याला स्वतंत्र घर मिळालं, पण त्या घरात माणसं किती, यावर एकमत होईना. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आफ्रिकेतून कातडी आणि कवट्या लंडन-बर्लिनला पोहोचू लागल्या आणि अंगावरचे ठिपके, शिंगं यांवरून नवनवी नावं पडत गेली. ओल्डफिल्ड थॉमस यांनी १८९८मध्ये पश्चिम आफ्रिकेच्या जिराफाला ‘पेराल्टा’ म्हटलं, ते नायजेरियातून आलेल्या नमुन्यावरून. आज नायजेरियाच्या रानात एकही जिराफ नाही. १९०४मध्ये रिचर्ड लायडेकर यांनी हा सगळा पसारा आवरायला घेतला. हे तेच लायडेकर, ज्यांनी तरुणपणी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात नोकरी करताना शिवालिक टेकड्यांमधल्या जीवाश्मांवर काम केलं होतं. जिराफाचे प्राचीन भाऊबंद, त्यात धिप्पाड सिवाथेरियमही आला, याच टेकड्यांत सापडले आहेत. विसाव्या शतकात अखेर बहुतेकांनी सोय पाहिली: प्रजाती एक, उपप्रजाती नऊ.

कागदावर नावं पडत होती, त्याच काळात जमिनीवर जिराफ मरत होते. १८८७मध्ये इटालियन सैन्यासाठी लाल समुद्राकाठच्या, आजच्या इरिट्रियातल्या मसावा बंदरात गुरं उतरवली गेली. ती भारतातून आली असावीत, असं मानलं जातं. त्यांच्यासोबत बुळकांडी, गुरांचा जीवघेणा साथीचा रोग, उतरली. आपल्याकडच्या जुन्या शेतकऱ्यांना हा शब्द वेगळा समजावून सांगावा लागत नाही. दहा वर्षांत ही साथ खंडाच्या दक्षिण टोकापर्यंत पोहोचली. पाळीव गुरांबरोबर रानम्हशी आणि जिराफही तिच्या तावडीत सापडले. दक्षिणेत शिकारीने आधीच बराच फडशा पाडला होता, कारण जिराफाच्या जाड कातड्याचे चाबूक उत्तम होतात. त्यानंतरच्या शतकात शेती, गुरचराई, कोळशासाठी तोडलेल्या बाभळी आणि यादवी युद्धं यांनी उरलेलं रान तुकड्या-तुकड्यांत वाटून टाकलं.

तरीही जिराफ संकटात आहे, असं कुणाला वाटलंच नाही. हत्ती आणि गेंडा यांच्यावर लेख आले, चित्रपट आले, निधी आला. जिराफ मात्र प्रत्येक सफारीत दिसायचाच. जो रोज दिसतो, त्याची काळजी कोण करणार? २०१६ साल उजाडेपर्यंत निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत, म्हणजे कोणता जीव किती धोक्यात आहे ते सांगणाऱ्या यादीत, त्याच्यापुढे ‘चिंतेचं कारण नाही’ असाच शेरा होता. त्या डिसेंबरमध्ये मेक्सिकोतल्या कान्कून इथल्या जैवविविधता परिषदेत आकडे समोर आले: १९८५च्या सुमारास दीड लाखाहून अधिक असलेले जिराफ २०१५मध्ये ९७,५६२ उरले होते. तीस वर्षांत ३६ ते ४० टक्के घट. आफ्रिकेत त्या वेळी चार लाखांहून अधिक हत्ती होते, म्हणजे दर चार हत्तींमागे जेमतेम एक जिराफ. शेरा बदलला, ‘असुरक्षित’ झाला.

माझ्या मते इथेच खरी गोम होती. एका नावाखाली बेरीज केली, की दक्षिणेतली वाढ उत्तरेतला ऱ्हास झाकते. २०१८मध्ये उपप्रजातींचं वेगवेगळं मूल्यमापन झालं, तेव्हा चित्र एकदम विस्कटलं. उत्तरेकडचे कोर्दोफान आणि न्युबियन जिराफ अतिसंकटग्रस्त, जाळीदार संकटग्रस्त, आणि नामिबिया-बोट्स्वानाकडचा अंगोलन जिराफ मात्र मजेत. मसाई जिराफ पुढच्याच वर्षी संकटग्रस्त ठरला. युगांडा-केनियातल्या रॉथ्सचाइल्ड जिराफाची गंमत तर आणखी वेगळी. २०१८च्या यादीत तो स्वतंत्र असल्याने त्याला जरा बरा शेरा मिळाला. पण जनुकं तपासणाऱ्यांच्या मते तो न्युबियनच आहे, आणि न्युबियन तर अतिसंकटग्रस्त! जनावर तेच, नाव बदललं की धोका बदलतो.

जनुकांचा हा अभ्यास २०१६मध्येच आला होता. ज्युलियन फेनेसी, अॅक्सेल यांके आणि सहकाऱ्यांनी १९० जिराफांचा डीएनए तपासून चार प्रजाती असल्याचं मांडलं. आफ्रिकेत मोकळे फिरणारे हे प्राणी लाखो वर्षं एकमेकांपासून वेगळे राहिले असतील, हे अनेकांच्या गळी उतरायला वेळ लागला. मान्यतेला नऊ वर्षं लागली.

उत्तरेकडच्या जिराफाची कहाणी नायजरमध्ये पाहावी. त्याचीच उपप्रजाती असलेले पश्चिम आफ्रिकेतले जिराफ, म्हणजे थॉमस यांचा पेराल्टा, १९९६मध्ये ४९ उरले होते. नियामे या राजधानीपासून तासाभराच्या अंतरावर कुरे नावाचं गाव आहे, त्याच्या आसपास ते तग धरून होते. तिथे अभयारण्य नाही, कुंपण नाही, सिंहही कधीच संपलेले. जिराफ माणसांच्या शेतांतूनच हिंडतात, चवळीच्या शेंगा खातात, आंबे ओरबाडतात. असा पाहुणा कोण सहन करेल? पण सरकारने शिकारीवर बंदी कडक केली, गावकऱ्यांना छोट्या कर्जांचा आधार मिळाला, पर्यटकांना हिंडवणारे वाटाडे तयार झाले. संख्या सहाशेच्या वर गेली. २०१८मध्ये आठ जिराफ ट्रकमधून ८०० किलोमीटरवरच्या गादाबेजी राखीव क्षेत्रात नेले, जिथून ते काही दशकांपूर्वी नाहीसे झाले होते. त्याच वर्षी पेराल्टा ‘संकटग्रस्त’वरून ‘असुरक्षित’वर आला. लाल यादीत अशी उलटी वाट चालणारे थोडेच. ऑगस्ट २०२०मध्ये मात्र कुरेजवळ बंदूकधाऱ्यांनी आठ जणांना ठार केलं. त्यांत सहा फ्रेंच मदतकार्यकर्ते आणि एक स्थानिक वाटाड्याही होता. पर्यटनाच्या पैशावर उभं राहिलेलं जिराफांचं संरक्षण किती नाजूक असतं, ते त्या दिवशी दिसलं.

उत्तरेकडच्याच कोर्दोफान जिराफाला असा शेजार लाभला नाही. चाडमधलं झाकूमा राष्ट्रीय उद्यान हा त्याचा मुख्य आसरा, तिथे त्यांतले निम्म्याहून अधिक आहेत. काँगोतल्या गरांबा उद्यानात २०१६च्या सुमारास ते चाळीसच्या आसपास उरले होते. सशस्त्र टोळ्या मांसासाठी तर मारतातच, पण शेपटीसाठीही मारतात. लांब काळ्या केसांची ती शेपटी चवरीसारखी वापरतात, आणि काही भागांत लग्नात देण्याची वस्तू म्हणून तिला मान आहे.

दक्षिणेत सगळं उलट. दक्षिण आफ्रिका आणि नामिबियात खासगी शेतमालक कुंपणाआड जिराफ वाढवतात, विकतात, परवान्याने शिकारही होऊ देतात, आणि संख्या वाढते. त्यामुळे २०१९मध्ये जिनिव्हात साइट्सच्या, म्हणजे वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या कराराच्या परिषदेत खंड दुभंगला. चाड, केनिया, नायजर यांच्यासह सहा देशांनी व्यापारावर नियंत्रण मागितलं, दक्षिणेकडच्या देशांनी विरोध केला. दशकभरात एकट्या अमेरिकेत जिराफाच्या हाडाच्या, कातड्याच्या सुमारे चाळीस हजार वस्तू आयात झाल्या होत्या, हे सांगितल्यावर मतदान एकतर्फी झालं आणि जिराफ कराराच्या परिशिष्ट दोनमध्ये, म्हणजे ज्यांचा व्यापार परवान्यानेच करता येतो त्यांच्या यादीत, गेला. दक्षिणेचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. त्यांच्या जिराफांना ते कलम नको होतं, पण कलम लिहिताना जिराफ अजून एकच होता.

दरम्यान जिराफांची हलवाहलव चालूच आहे. युगांडात मर्चिसन फॉल्सला तेल सापडलं, तेव्हा काही जिराफ नाईल ओलांडून दक्षिण तीरावर नेले. केनियात बारिंगो सरोवराचं पाणी चढून बेटावर अडकलेले नऊ जिराफ लोखंडी तराफ्यावर एक-एक करून काठाला आणले. २०२३मध्ये नामिबियातून चौदा जिराफ अंगोलाच्या इओना उद्यानात गेले.

ताजे आकडे एकूण एक लाख चाळीस हजारांच्या आसपास आहेत: दक्षिणेकडचे सुमारे ६९ हजार, मसाई ४४ हजार, जाळीदार २१ हजार, आणि उत्तरेकडचे जेमतेम ७ हजार. ९७ हजारांवरून ही उडी मोठी वाटते, पण तिचा काही भाग मोजणी सुधारल्याचा आहे. आता चारही प्रजातींचे शेरे नव्याने लिहिले जातील.

सेनेगलमध्येही पेराल्टा एकेकाळी होता, आता नाही. राजधानी डकारजवळच्या बांदिया राखीव क्षेत्रात मात्र पर्यटक जिराफांचे भरपूर फोटो काढतात. ते जिराफ दक्षिण आफ्रिकेतून आणलेले आहेत.