‘रॉकेट ८८’च्या लेबलवरचं नाव

अनेक जण रॉक अँड रोलचं पहिलं गाणं मानतात त्या ‘रॉकेट ८८’च्या तबकडीच्या लेबलवर ‘जॅकी ब्रेन्स्टन अँड हिज डेल्टा कॅट्स’ असं छापलेलं आहे. ध्वनिमुद्रणाच्या दिवशी या नावाचा वाद्यवृंद अस्तित्वातच नव्हता. मार्च १९५१मध्ये मिसिसिपीतल्या क्लार्क्सडेलहून निघून मेम्फिसला सॅम फिलिप्सच्या छोट्याशा स्टुडिओत पोचली ती आइक टर्नरची ‘किंग्ज ऑफ ऱ्हिदम’ ही मंडळी. पियानोवर स्वतः आइक, वय अवघं एकोणीस. ब्रेन्स्टन त्यांच्यातला सॅक्सोफोनवाला. हे गाणं तो गायला, म्हणून लेबलवर नाव त्याचं लागलं. रॉक अँड रोलचा उगम शोधायला निघालं की पहिल्याच पायरीवर ही अडचण समोर येते. कागद एक सांगतो आणि त्या खोलीत घडलेलं असतं काही वेगळंच.

त्या दिवशी वाटेत गिटारवादक विली किझार्टचा अॅम्प्लिफायर बिघडला. तो गाडीवरून पडला, की डिकीत पावसाचं पाणी शिरलं, हे सांगणाऱ्यागणिक बदलतं. स्पीकरचा कागदी पडदा खराब झाला होता आणि दुरुस्तीला वेळ नव्हता. त्यात कागदाचे बोळे कोंबले आणि वेळ मारून नेली. आवाज घोगरा, गुरगुरल्यासारखा यायला लागला. फिलिप्सनं तो दाबला नाही, उलट पुढे आणला. आजही ते गाणं लावलं की सॅक्सोफोनच्या खालून फिरणारी ती जाडसर गिटार लगेच कानात भरते. नंतरच्या पिढीतल्या वादकांनी हाच घोगरेपणा मिळवायला मुद्दाम यंत्रं विकत घेतली.

फिलिप्सनं ही ध्वनिमुद्रिका शिकागोच्या चेस कंपनीला दिली. जूनमध्ये ती ‘बिलबोर्ड’ साप्ताहिकाच्या लोकप्रिय गाण्यांच्या ऱ्हिदम अँड ब्लूज यादीत पहिल्या क्रमांकावर गेली. रॉक अँड रोलचं पहिलं गाणं म्हणून अनेक जण हिच्याकडेच बोट दाखवतात. पण गाण्याचा सांगाडा जिमी लिगिन्सच्या ‘कॅडिलॅक बूगी’चा होता, हे खुद्द ब्रेन्स्टननं मान्य केलं होतं. ते गाणं १९४७चं. त्याच वर्षी न्यू ऑर्लिन्समध्ये रॉय ब्राउननं ‘गुड रॉकिन टुनाइट’ गायलं आणि पुढच्याच वर्षी वायनोनी हॅरिसनं आणखी दणक्यात म्हटलेली त्याची तबकडी गाजली. डिसेंबर १९४९मध्ये फॅट्स डॉमिनोनं ‘द फॅट मॅन’ मुद्रित केलं. आणखी मागे सरकलं तर चर्चमध्ये पोचतो. इलेक्ट्रिक गिटार गळ्यात अडकवून देवाची गाणी म्हणणाऱ्या सिस्टर रोझेटा थार्पचं १९४४चं ‘स्ट्रेंज थिंग्ज हॅपनिंग एव्हरी डे’ एकदा नीट ऐका. माझ्या मते पुढच्या दहा वर्षांत जे झालं त्यातलं निम्मं तिथेच तयार आहे, आणि या इतिहासात तिला मिळालेली जागा तिच्या कामाच्या मानानं फारच अपुरी आहे.

शब्दांचीही तीच गत. रॉक आणि रोल हे दोन्ही शब्द ट्रिक्सी स्मिथच्या १९२२च्या एका ब्लूजच्या शीर्षकातच आहेत. १९५१पासून क्लीव्हलंडच्या रेडिओवर रात्री तबकड्या वाजवणाऱ्या अॅलन फ्रीडनं ते घरोघरी पोचवले, पण जन्माला घातले नाहीत.

चाळिशीच्या दशकातल्या नोंदींना एक मोठं भगदाड आहे आणि त्याचा एक धागा आपल्याकडे येतो. तेव्हाच्या मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकड्या शेलॅकच्या असत. शेलॅक म्हणजे लाख, आणि ती मुख्यतः भारतातून जायची, छोटा नागपूरकडच्या पळस-कुसुमाच्या झाडांवरची. १९४२मध्ये युद्धामुळे तिची आवक अडली आणि अमेरिकी सरकारनं तबकड्यांसाठीच्या वापरावर मोठी कपात लादली. त्याच वर्षी १ ऑगस्टपासून वादकांच्या संघटनेनं मानधनाच्या प्रश्नावर ध्वनिमुद्रणावर बहिष्कार टाकला. शेवटच्या दोन मोठ्या कंपन्यांशी समेट व्हायला नोव्हेंबर १९४४ उजाडला. नेमक्या याच काळात पंधरा-वीस जणांचे वाद्यवृंद परवडेनासे होऊन पाच-सात जणांचे ताफे पुढे येत होते. हा बदल नाचघरांत घडला, तबकडीवर त्यातलं फार थोडं उतरलं. मोठ्या कंपन्यांनी दुर्लक्षिलेलं हे संगीत नंतर सिनसिनाटीची किंग, न्यूयॉर्कची अटलांटिक, शिकागोची चेस अशा छोट्या कंपन्यांनी उचललं.

याद्यांवर विसंबावं, तर त्यांच्यातही वर्णभेद आहे. जून १९४९पर्यंत ‘बिलबोर्ड’ काळ्या कलाकारांची यादी ‘रेस रेकॉर्ड्स’ या नावानं छापत असे. ‘बिलबोर्ड’मध्येच काम करणाऱ्या जेरी वेक्सलरनं सुचवल्यावर तिचं ‘ऱ्हिदम अँड ब्लूज’ झालं, पण यादी वेगळीच राहिली. ‘रॉकेट ८८’ १९५१मध्येच बिल हेली या गोऱ्या गायकानंही गायलं. जुलै १९५५मध्ये त्याचंच ‘रॉक अराउंड द क्लॉक’ मुख्य यादीत पहिलं आलं आणि रॉक अँड रोलची सुरुवात तिथून मोजायची सवय अनेकांना लागली.

गीतकाराच्या नावावरही डोळे मिटून विश्वास ठेवता येत नाही. चक बेरीच्या १९५५च्या ‘मेबेलीन’वर सहलेखक म्हणून अॅलन फ्रीडचं नाव लागलं. रेडिओवर गाणं वाजावं म्हणून दिलेला तो मोबदला होता. बेरीला सगळं श्रेय परत मिळेपर्यंत १९८६ साल उजाडलं. म्हणून लेबल वाचून थांबता येत नाही. तबकडीच्या मधल्या गुळगुळीत पट्टीवर कोरलेला मॅट्रिक्स क्रमांक, म्हणजे त्या ध्वनिमुद्रणाचा ओळख क्रमांक, पाहावा लागतो, वादक संघटनेच्या करारपत्रांत त्या दिवशी कोण हजर होतं ते शोधावं लागतं, आणि म्हाताऱ्या वादकांच्या आठवणी एकमेकींशी ताडून पाहाव्या लागतात. एवढं करूनही ‘रॉकेट ८८’च्या ध्वनिमुद्रणाची तारीख कुठे ३ मार्च मिळते, कुठे ५ मार्च.

ब्रेन्स्टननं गाण्याचे हक्क फिलिप्सला ९१० डॉलरना विकून टाकले. फिलिप्सनं पुढच्या वर्षी सन रेकॉर्ड्स काढली आणि ५ जुलै १९५४ला त्याच खोलीत एल्व्हिस प्रेस्लीचं पहिलं गाजलेलं गाणं मुद्रित झालं. २०१८मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमनं ‘रॉकेट ८८’चा गौरव केला, तो जॅकी ब्रेन्स्टन अँड हिज डेल्टा कॅट्स या नावानंच.