खाजेच्या ट्यूबमध्ये काय असतं?

बीड असो की नांदेड, मेडिकलवर "खाजेची एखादी ट्यूब द्या" म्हटलं की ट्यूब हातात पडते. तिच्यात काय आहे, हे घेणारा विचारत नाही. जांघेतलं, कमरेचं गजकर्ण महिनोन्‌महिने हटत नाही, त्याचं कारण बऱ्याचदा त्या ट्यूबमध्येच असतं.

गजकर्ण ही बुरशी. कातडीच्या वरच्या मृत थरातलं केराटिन नावाचं प्रथिन हे तिचं खाद्य. परकराच्या नाडीखाली, करदोड्याखाली घाम मुरतो, तिथे ती फोफावते. चट्टा नीट बघा: मधली कातडी निवळलेली, कडा मात्र लाल, उंच, कोंडा सुटलेली. वणवा मागे विझत जातो आणि पुढे पेटत जातो, तसंच हे. म्हणून मलम नुसतं मधे चोळून भागत नाही. कडेबाहेरच्या दोन सेंटीमीटर चांगल्या कातडीलाही ते लावावं लागतं.

बुरशीच्या पेशीचं आवरण एर्गोस्टेरॉल या चरबीसारख्या पदार्थावर टिकून असतं, आपल्या पेशीचं कोलेस्टेरॉलवर. क्लोट्रिमाझोल, टर्बिनाफिन ही औषधं एर्गोस्टेरॉल तयारच होऊ देत नाहीत. त्यामुळे बुरशी मरते, आपल्या पेशींना धक्का लागत नाही.

घात होतो तो मिश्र ट्यूबमुळे. तिच्यात बुरशीच्या औषधासोबत क्लोबेटासोल किंवा बेटामेथासोन हे स्टेरॉइड असतं. दोन दिवसांत खाज थांबते, लाली उतरते आणि माणसाला वाटतं, गुण आला. पण ती लाली म्हणजे शरीराने बुरशीशी मांडलेली झुंज असते. स्टेरॉइड ती झुंजच मोडतं. ट्यूब थांबवली की चट्टे आधीपेक्षा जास्त पसरतात. जांघेतली कातडी पातळ होऊन कायमचे वण उठतात, ते वेगळंच. 2018 साली केंद्र सरकारने स्टेरॉइडची 14 मलमं चिठ्ठीशिवाय न विकण्याच्या यादीत टाकली, तरी ती मागितली की मिळतात, याची मला खरोखर चीड येते. ट्यूब घेताना मागची बारीक अक्षरं वाचून घ्या. क्लोबेटासोल, बेटामेथासोन ही नावं दिसली तर ट्यूब परत करा.

साधं, म्हणजे नुसतं बुरशीचं औषध असलेलं मलम अंग कोरडं करून दिवसातून दोनदा लावायचं, आणि चट्टा दिसेनासा झाल्यावरही दोन आठवडे चालू ठेवायचं. इथेच बहुतेकांचं चुकतं. दुसरी अडचण पाण्याची. 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. अशा उन्हाळ्यात कपडे कमी धुतले जातात, एकच टॉवेल घरभर फिरतो आणि गजकर्णही. निदान टॉवेल तरी वेगळा ठेवा, आतले कपडे उलटे करून कडक उन्हात वाळवा. घरात ज्यांना ज्यांना चट्टे आहेत, त्या सगळ्यांचा उपचार एकाच वेळी झाला पाहिजे.

भारतात आता टर्बिनाफिनला दाद न देणारी बुरशीही पसरली आहे. दोन-तीन आठवड्यांत फरक पडला नाही, मधुमेह असेल, किंवा डोक्यात वा नखात बुरशी असेल, तर त्वचारोगतज्ज्ञच गाठा. डोक्याला आणि बहुतेकदा नखालाही पोटातून गोळ्या घ्याव्या लागतात. जाताना आधी लावलेल्या सगळ्या ट्यूब सोबत न्या, कारण स्टेरॉइडने गजकर्णाचं रूप इतकं बदलतं की नुसतं पाहून ते ओळखू येत नाही. मग कडेचा कोंडा खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा लागतो.